दोन पापुद्रे, एक जागा

१२ जानेवारी

वहिनीसाहेब,

आधी वाईट बातमी. डबी पोचली, पण नमुना मेला. दोन पापुद्र्यांच्या मधोमध हवेचा फुगा अडकलाय, कपड्यावर इस्त्री नीट न फिरल्यासारखा. तरी म्हटलं, वहिनीच्या हातचं आहे, टाकायचं कसं? म्हातारीत बसवलाच. म्हातारी म्हणजे आमचं थंड करायचं यंत्र, हे तुला माहीत आहे, पण दादा ही पत्रं चोरून वाचतो असा मला संशय आहे, म्हणून त्याच्यासाठी लिहिते. ही म्हातारी दिवसभर कण्हते, हीलियम पिते आणि रुसली की आठवडा वाया घालवते. पण मनात आणलं तर अशी गार होते की त्यापुढे बर्फ म्हणजे शेकोटी. तिच्या पोटात तुझा नमुना ठेवला, वीज सोडली, तर वीज अडखळत, ठेचकाळत गेली. काही विशेष नाही.

आपल्याला शिकवणारे सर निवृत्त होतायत, तरी आपण दोघी त्यांचा नियम पाळतोय याची मला गंमत वाटते. नमुना डबीतून, निकाल पत्रातून, फोनवर अवाक्षर नाही. ‘फोनवर माणूस बोलून मोकळा होतो, कागदावर लिहिताना हात अडखळतो, आणि अडखळलाच पाहिजे,’ असं सर म्हणायचे. तरुणपणी एकदा त्यांनी फोनवरून मोठा शोध लागल्याचं जाहीर केलं होतं आणि पुढे ते शब्द गिळावे लागले, त्याचा राग आपल्यावर. टपाल इकडून तिकडे जायला आठवडा खातं, कधी त्याहून जास्त. रविवारी मी फोन करते तेव्हा आपण आईचे गुडघे, दादाचे पेशंट, हवापाणी सगळं बोलतो आणि ज्याच्यासाठी दोघी मरतोय त्याच्याबद्दल मूग गिळून बसतो.

आता कामाचं. तुझ्या विभागातली सरांची जागा निघतेय. मी अर्ज करणार. घरापासून इतक्या लांब सात वर्षं झाली, आता पुरे. आईला अजून सांगू नकोस, ती लगेच माझी खोली झाडायला घेईल. तू काही अर्जाच्या भानगडीत पडणार नाहीस, हे मी धरून चालते. तुला आपली चिकटपट्टी आणि सूक्ष्मदर्शक दिलं की तू सुखी. खरं ना?

हसू नकोस, पण कधी कधी वाटतं, त्या दिवशी तुला अभ्यासाला घरी आणलंच नसतं तर बरं झालं असतं. मैत्रीण म्हणून आणली आणि तू माझा भाऊ घेऊन बसलीस. निदान सरांची खोली तरी मला राहू दे.

तुझी,
वन्सं


२६ जानेवारी

प्रिय वन्सं,

फुग्याबद्दल माफ कर. त्या दिवशी खोलीत दमट हवा होती आणि माझी घाई झाली. तुझ्या दादाबद्दलचा संशय खरा आहे. पत्र वाचून म्हणाला, ‘सात वर्षं शिकून शेवटी फ्रिज सांभाळते होय?’ मी म्हटलं, तुम्ही तरी दुसऱ्यांच्या तोंडात हात घालूनच पोट भरता.

या डबीतला नमुना वेगळा आहे. दादाने पुन्हा विचारलं म्हणून त्याला समजेल असं लिहिते. ग्राफाइट म्हणजे पेन्सिलीतलं शिसं. त्याचा तुकडा चिकटपट्टीवर ठेवायचा, घडी घालायची, उलगडायची, पुन्हा घडी, पुन्हा उलगडणं. प्रत्येक वेळी थर पातळ होत जातो. शेवटी शंभरात एखादा पापुद्रा असा मिळतो की त्याची जाडी एका अणूची. सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसतोय की भास होतोय तेच कळत नाही, नुसती किंचित सावली. तो पापुद्रा मधून कापायचा, अर्धा उचलायचा, एका अंशाहून जरासा जास्त वळवायचा आणि उरलेल्या अर्ध्यावर ठेवायचा. जरा जास्त वळला तर वाया, जरा कमी वळला तर वाया. नेमका बसला आणि पुरेसा गार केला, तर त्यातून वीज कुठेही न अडता जाते. अडथळा शून्य. हे मी गेली कित्येक वर्षं लोकांना सांगते, पण खरं सांगू? मी एकदाही ते पाहिलेलं नाही. काटा खाली उतरताना तू पाहतेस. मी फक्त डबी बंद करते.

आणि या वेळी ठेवताना हात थरथरला नाही. तोंडाने मोठं बोलू नये, पण असा नमुना मी आजवर केला नव्हता. फुगा नाही, सुरकुती नाही. वीज नेणाऱ्या सोन्याच्या रेषाही स्वच्छ उमटल्यात. जपून बसव.

आईंचे गुडघे तसेच. कपाटावर तुझा म्हातारीशेजारचा फोटो आहे, तो त्या रोज पुसतात. माझाही फोटो आहे, लग्नातला, पण त्यातसुद्धा तू मधे उभी आहेस. परवा शेजारच्या बाईंना सांगत होत्या, ‘आमची लेक शास्त्रज्ञ आहे.’ मी तिथेच भाजी निवडत बसले होते. त्या बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, आणि सून? आई म्हणाल्या, ती पण जाते कॉलेजात.

सरांच्या जागेचं विचारलंस. त्यावर सवडीने लिहीन. टपालाची वेळ झाली.

तुझी,
वहिनी


१० फेब्रुवारी

वहिनीसाहेब,

सवडीने लिहिणार होतीस म्हणे. तुझ्या नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे विसरलीस. रविवारी फोनवर मी आपलं सहज म्हटलं, अर्ज केलाय, तर तो म्हणतो, ‘अरे वा, म्हणजे घरातले दोन्ही अर्ज पोचले.’ मग जीभ चावली त्याने, पण उशीर झाला होता.

मला राग तू अर्ज केल्याचा नाही. म्हणजे तोही आहे. पण जास्त राग याचा की मी तुला खुशाल विश्वासाने लिहिते आणि तू मला आईच्या भाजीच्या गोष्टी सांगतेस. सरळ लिहिलं असतंस, ‘हो, मलाही ती जागा हवी,’ तर मी आदळआपट केली असती आणि संपलं असतं. तुला माहीत आहे मला परत यायचंय. तुझ्याकडे घर आहे, नवरा आहे, माझी आई आहे. माझ्याकडे एक म्हातारी आहे आणि तीसुद्धा सरकारी.

असो. आता जे लिहिणार आहे ते लिहिताना सरांच्या म्हणण्याप्रमाणे हात अडखळतोय.

नमुना परवा थंड केला. वीज सोडली. खाली खाली नेत गेले, अडथळा हळूहळू कमी होत होता, नेहमीसारखाच. आणि मग एकदम घसरला. कड्यावरून दगड पडावा तसा सरळ खाली, थेट शून्यावर. मी यंत्र बंद करून चालू केलं. पुन्हा शून्य. गरम केलं, अडथळा परतला. गार केलं, पुन्हा शून्य.

मी खुर्चीत बसून राहिले. आनंद झाला का म्हणशील तर झाला, अगदी डोळ्यांत पाणी आलं. पण त्याच्या मागोमाग दुसरं काही आलं, ते लिहून टाकते, म्हणजे पोटात राहणार नाही. माझी सात वर्षं, माझी म्हातारी, माझं तासन् तास ताटकळणं, आणि लोक विचारणार काय, तर नमुना कुणी केला? त्या समितीसमोर तू फक्त बोटं दाखवलीस तरी पुरे. माझा जळफळाट झाला, वहिनी. अजून होतोय.

आलेख सोबत पाठवते. चुंबकाची परीक्षा बाकी आहे. खरं शून्य असेल तर चुंबकापुढे ते मोडलं पाहिजे. ती होईपर्यंत कुणापाशी बोलू नकोस. सरांपाशी तर मुळीच नको.

वन्सं


१८ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

तुझं पत्र मी जिन्यात उभी राहूनच वाचलं. आलेख तिथेच भिंतीला टेकवून पाहिला. खालच्या मजल्यावरच्या माणसाने विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, फार बरं आहे.

आधी अर्जाचं. चुकले. तुला लिहायला हवं होतं. पण तू पहिल्याच पत्रात लिहिलंस, तू काही भानगडीत पडणार नाहीस, तुला चिकटपट्टी दिली की तू सुखी. ते वाचल्यावर ‘मलाही हवी आहे’ असं लिहायला शरम वाटली, जणू मी ताटातलं दुसऱ्याचं उचलतेय. तुला घरातलं सगळं दिसतं, एक दिसत नाही. माझी नोकरी दर वर्षी एका सहीवर वाढते. सहा वेळा वाढली. प्रत्येक वेळी मी त्या कारकुनाच्या टेबलाशी हात बांधून उभी राहते आणि तो जाणूनबुजून दुसरी फाइल उघडतो. तुझी नोकरी कायमची आहे. तुला परत यायचंय, मला नुसतं राहायचंय. मलाही तुझा हेवा वाटतो, वन्सं, फार पूर्वीपासून. फक्त तू आरडाओरडा करतेस आणि मी भाजी निवडते.

आता कबुली. मी सरांना सांगितलं. तोंडातून निघून गेलं. सर जागचे उठले, मला खुर्चीत बसवलं, स्वतः उभे राहिले आणि म्हणाले, हे अर्जात घाल. मी म्हटलं, चुंबक बाकी आहे. ते म्हणाले, मुलाखतीपर्यंत ते होईलच. दुपारपर्यंत अर्ध्या विभागाला कळलं होतं. ज्यांनी आजवर माझ्या नमस्काराला उत्तर दिलं नाही, ते दारात येऊन उभे राहिले.

तुझी माझी भांडणं नंतर निवांत करू. मुलाखत दोन एप्रिलला आहे. चुंबकाचं लवकर बघ.

वहिनी


३ मार्च

वहिनी,

सांगितलं होतं ना, बोलू नकोस म्हणून. उचलली जीभ लावली टाळ्याला.

चुंबकाची परीक्षा झाली. शून्य मोडत नाही. चुंबक वाढवत नेला, पार शेवटपर्यंत नेला, शून्य आपलं ढिम्म. असं शून्य खोटं असतं, हे तुला मी सांगायला नको. म्हणजे झालं असं असणार: दोन तारा वीज नेतात आणि दुसऱ्या दोन तारा अडथळा मोजतात. मोजणाऱ्या त्या दोन तारा गारठून आकसल्या की कुठेतरी एकमेकींना चिकटतात. मग मोजायला काही उरतच नाही, काटा शून्य दाखवतो आणि आपण नाचतो. मला आधीच ओळखायला हवं होतं. इतक्या पातळ गोष्टीत अडथळा असा कड्यावरून पडत नाही. उतरणीवरून हळूहळू घरंगळतो.

माझ्या मते दोष तुझ्या सोन्याच्या रेषांत आहे. कुठेतरी एक रेष पसरून शेजारणीला लागली असणार.

तू म्हणशील, वन्सं जळते म्हणून असं म्हणते. जळतेच. आणि चुंबकाने शून्य मोडेना तेव्हा माझा जीव भांड्यात पडला, हेही खरं आहे. मी चुकले असते तर जास्त बरं वाटलं असतं असं म्हणून मी साळसूदपणा करणार नाही. पण जळणाऱ्या माणसाला दिसतच नाही असं नाही. शून्य खोटं आहे. सरांना सांग आणि अर्जातून काढून घे. समितीत कुणीतरी चुंबकाचं विचारणारच, तेव्हा तोंडघशी पडण्यापेक्षा आताच बरं.

वन्सं


१४ मार्च

प्रिय वन्सं,

तुझं पत्र वाचलं. चार दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण जे मनात होतं ते लिहिण्यासारखं नव्हतं.

मनात हे होतं: तुला माझं शून्य खोटंच पाडायचं होतं. माझ्या नमुन्यात फुगा निघाला तेव्हा तू पानभर थट्टा केलीस, आणि शून्य निघालं तेव्हा तुझं पोट दुखलं. दादाला मी म्हटलंसुद्धा. तो चूळ भरत होता. चूळ टाकून म्हणाला, ‘ती कजाग आहे, पण मापात खोटं बोलणार नाही. लहानपणी माझ्याशी भांडून तिने खाऊ अर्धा करायला पट्टी आणली होती.’ मग मला माझीच लाज वाटली.

तेव्हा तुझं ऐकलं. सरांकडे गेले. त्यांनी माझ्यासमोर ते पान काढलं, घडी घातली आणि खिडकीबाहेर बघत बसले. दारात येऊन उभे राहणारे आता पुन्हा जिन्यात वाट वाकडी करतात. एक जण म्हणाला, घाईत असं होतं हो. त्याच्या चेहऱ्यावर इतकी सहानुभूती होती की मला त्याला ढकलून द्यावंसं वाटलं.

पण एक लिहिते, आणि हे रागाने नाही. मी त्या रेषा पाठवण्याआधी तपासल्या होत्या, आणि त्याच खेपेला उमटवलेल्या दुसऱ्या नमुन्याच्याही परवा पुन्हा पाहिल्या. कुठे पसरलेलं नाही. तू तुझं सॉकेट एकदा तपास, जिच्यात नमुना बसवतेस ती बैठक. दोष माझाच असेल असं धरून चालू नकोस. काखेत कळसा असायचा.

आता माझ्याजवळ मुलाखतीत दाखवायला चिकटपट्टीखेरीज काही नाही. तुझ्याजवळ सात वर्षांचे निकाल आहेत. शून्य खरं निघालं तर जागा माझी होऊ शकते, नाही तर तुझी. हे तुलाही कळतं, मलाही कळतं, मग उगाच लपवायचं कशाला? जे काही असेल ते लवकर कळव. खोटं असेल तर खोटं कळव. मी ऐकेन.

वहिनी


२६ मार्च

प्रिय वहिनी,

हे पत्र मी तीनदा सुरू केलं.

सॉकेट उघडलं. तुझं खरं निघालं. मीच फेब्रुवारीच्या सुरुवातीला, तुझा हा नमुना बसवण्याआधी, तारांना डाग देताना एक केसाएवढा धागा मागे ठेवला होता. उबेत तो आपला अंग चोरून बसतो, गार झाला की वाकतो आणि शेजारच्या खुंटीला जाऊन टेकतो. खोटं शून्य माझ्या घरचं होतं. तुझ्या रेषा स्वच्छ आहेत. तुझ्यावर आळ घेतला त्याची क्षमा माग म्हणशील तर मागते, उभ्या उभ्या मागते.

धागा काढला. नमुना पुन्हा बसवला, पुन्हा गार केला. मनात म्हणत होते, आता काही निघणार नाही आणि सगळं प्रकरण मिटेल.

वहिनी, अडथळा उतरला. या वेळी कड्यावरून नाही, उतरणीवरून. आधी सावकाश, मग जरा वेगाने, मग तळाशी हळुवार वळण घेऊन शून्यावर येऊन टेकला. मी चुंबक वाढवला, शून्य मोडलं. चुंबक काढला, परतलं. वीज जास्त सोडली, मोडलं. कमी केली, परतलं. दिवसभर मी तेच करत बसले, मोडायचं आणि परत आणायचं, लहान पोराने दिव्याचं बटण खेळवावं तसं. आजवर पाहिलेल्या कुठल्याच नमुन्याने माझं इतकं ऐकलेलं नाही. दोन पापुद्रे, एकावर एक, वरचा तू जरासा तिरका ठेवलेला, आणि त्यातून वीज अशी जाते जसं वाटेत कुणी नाहीच.

मला सहन होत नाही की हे तू केलंस. मला काय वाटतंय ते तुला कळणारसुद्धा नाही, कारण तुला स्वतःला कुणाचा एवढा हेवा वाटलेलाच नसेल, तू पत्रात काहीही लिही. मी लहानपणापासून घरात पहिली होते, वर्गात पहिली होते. तू आलीस आणि कसलाही गाजावाजा न करता माझ्या बाजूच्या खुर्चीत बसलीस, आणि मग सगळीकडे बसलीस.

आलेख सोबत आहेत. शोधनिबंधात पहिलं नाव तुझं. नियमाप्रमाणे लिहून कळवते. टपालाचा भरवसा नाही, हे पत्र कधी पोचेल ते त्यालाच माहीत.

मुलाखतीला येतेय. उतरायला पाहुण्यांच्या खोलीत सोय केलीय. त्या दिवशी एकाच घरातून दोघींनी निघणं बरं दिसणार नाही.

तुझी,
वन्सं


९ एप्रिल

प्रिय वन्सं,

तुझं पत्र शनिवारी मिळालं, मुलाखतीनंतर दोन दिवसांनी. निवड झाल्याचं तुला कळलंच असेल. अभिनंदन. आईंनी तुझी खोली झाडायला घेतली आहे.

आलेख पाहिले. फार सुंदर आहेत. ते तळाशी घेतलेलं वळण मी बोटाने परत परत गिरवलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते कागदावर का होईना पाहायला मिळालं, त्याबद्दल तुझे मनापासून आभार. तू ते समोर बसून पाहिलंस याचा मला किती हेवा वाटतो ते तुला कळणार नाही, कारण तू ठरवून टाकलंयस की मला हेवा वाटत नाही.

समितीने मला पहिलाच प्रश्न त्या शून्याचा विचारला. सरांनी पान काढलं तरी गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. मी सांगितलं, ते शून्य खोटं होतं आणि दोष माझ्या नमुन्यातल्या रेषांचा होता. तसं सांगण्याची गरज नव्हती, रेषांवर माझा विश्वास होता. पण तू मोजलं होतंस, आणि मोजणाऱ्याचं ऐकायचं असं आपण शिकलो. त्यांनी टिपून घेतलं. मग कुणी फारसं काही विचारलं नाही. एकाने पाण्याचा पेला पुढे केला.

टपालाचा भरवसा नाही हे खरं. पण रविवारी तू फोन केलास. एकोणतीस तारखेला. आधी आईंशी बोललीस, मग दादाशी, मग मला बोलावलंस. आपण बराच वेळ बोललो. तू गुडघ्यांचं विचारलंस, दादाच्या नव्या खुर्चीचं विचारलंस, मुलाखतीला काय घालणार ते विचारलंस. मी सांगितलं, तो राखाडी कुर्ता. तू म्हणालीस, छान दिसतो तुला.

आणि गुरुवारी आपण दोघी त्या बाकावर शेजारी बसलो होतो. माझ्या बाहीला भिंतीचा चुना लागला होता, तो तू झटकलास. माझं नाव पुकारलं तेव्हा तू माझा हात दाबलास आणि म्हणालीस, ‘घाबरू नकोस, जे आहे ते सांग.’ मला जे माहीत होतं ते मी सांगितलं.

सरांचा नियम आहे, मला ठाऊक आहे. तू तो मोडला नाहीस. उद्या कुणी विचारलं तर तुझ्यावर बोट ठेवायला जागा नाही. तू मापात खोटं बोलत नाहीस, हे दादा म्हणाला ते खरंच आहे.

सर म्हणाले, आता समितीला नवे निकाल कळवूया का? मी नको म्हटलं. मग लोक म्हणतील, हिचं शून्य दर पंधरवड्याला खरं-खोटं होतं. निबंध लिही, नाव कुणाचंही पहिलं टाक. जूनपासून तू सरांच्या खोलीत बसशील आणि पलीकडच्या खोलीत मी पापुद्रे काढत असेन. माझा सातवा करार तुझ्या सहीने वाढेल. तो कारकून आता बहुधा दुसरी फाइल उघडणार नाही, साहेबांची वहिनी म्हटल्यावर खुर्ची देईल.

पत्र आलं तेव्हा आम्ही जेवायला बसत होतो. लेकीचं अक्षर पाहून आई म्हणाल्या, मोठ्याने वाच, आम्हालाही कळू दे काय म्हणते. दादाही ताट सरकवून कान देऊन बसला. मी सगळं वाचलं. सॉकेट वाचलं, धागा वाचला, हेव्याचं वाचलं. आईंनी डोळे पुसले, म्हणाल्या, किती मोकळ्या मनाची आहे माझी पोर. दादा म्हणाला, बघ, चूक कळली तशी लगेच लिहून टाकली.

वरची तारीख तेवढी मी वाचली नाही.

तुझी,
वहिनी